जुने थरारपट आणि उत्कंठेची रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातील आमच्या चित्रपट आस्वाद गटात जुने थरारपट दाखवले जातात आणि खेळ संपल्यावर त्यांवर चर्चा होते. त्या चर्चेत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ज्यांनी हे चित्रपट अद्याप पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी एक सूचना : ‘सायको’, ‘व्हर्टिगो’ आणि ‘सॅबोटाज’ यांतील महत्त्वाच्या घटना उत्तरांच्या ओघात उघड झाल्या आहेत. बाकीच्या चित्रपटांचे शेवट शक्यतो सांभाळले आहेत.

थरारपटाचे ‘संकेत’ म्हणतात ते नेमके काय असतात?

प्रत्येक चित्रप्रकाराचे काही ठरीव घटक असतात आणि ते प्रेक्षकाला कोणी न शिकवता अंगवळणी पडलेले असतात. थरारपटापुरते बोलायचे तर भलत्याच भानगडीत अडकलेला निरपराध माणूस, ज्याच्यावर भरवसा ठेवावा की नाही हे कळत नाही असा जोडीदार, पोलिसांकडे जाण्याची सोय नसणे, घड्याळाशी लागलेली शर्यत, कुलूपबंद खोली किंवा तळघर, एखादी किल्ली किंवा पत्र आणि सरतेशेवटी उंचावर अथवा गर्दीत होणारा सामना, ही सगळी नेहमीची सामग्री आहे.

पण संकेत केवळ कथानकात नसतात. कॅमेरा पात्राच्या पाठीमागून सावकाश सरकू लागला की कोणीतरी मागावर आहे, क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूवर क्लोजअप क्षणभर अधिक रेंगाळला की ती वस्तू पुढे गळ्याशी येणार, चालू असलेले संगीत मध्येच थांबले की काहीतरी घडणार, हे आपण कधी शिकलो ते आठवत नाही, पण शिकलेलो असतो हे नक्की. तिकीट काढून आत बसलेला प्रेक्षक हा सगळा साठा बरोबर घेऊनच बसतो आणि चांगला दिग्दर्शक त्याच साठ्यावर काम करतो.

हे सगळे आधीच माहीत असेल, तर उत्कंठा शिल्लक राहतेच कशी?

माहीत असते म्हणूनच ती निर्माण होते. खासबागेत कुस्ती पाहायला बसलेल्या जुन्या शौकिनाला एका पहिलवानाने पट काढण्यासाठी अंग झुकवल्याबरोबर पुढच्या दोन-तीन शक्यता दिसू लागतात, म्हणून त्याचा श्वास अडकतो; ज्याला डावच कळत नाहीत, त्याला नुसती झटापट दिसते. थरारपटातही अपेक्षा असल्याशिवाय धाकधूक नाही. संकेत ही अपेक्षा चटकन, दोन-तीन शॉटमध्ये उभी करून देतात, आणि मग दिग्दर्शकाच्या हाती तीन गोष्टी उरतात : ती पुरी करणे, ती लांबवणे किंवा ती भलत्याच बाजूने पुरी करणे.

यांपैकी लांबवणे हाच या कलेचा गाभा आहे, असे आमचे मत आहे. संकेत मोडणाऱ्या दिग्दर्शकांचे कौतुक फार होते, परंतु नुसते मोडणे सोपे असते. प्रेक्षकाला जे येणार हे ठाऊक आहे, ते त्याला कंटाळा येऊ न देता तीन-चार मिनिटे पुढे ढकलत राहणे, आणि प्रत्येक वेळी ढकलण्याचे कारण कथेतूनच निघालेले असणे, हे अवघड असते.

रहस्य आणि उत्कंठा या दोहोंत फरक कोणता?

रहस्यात प्रेक्षकाला पात्रांपेक्षा कमी माहिती असते. उत्कंठेत ती जास्त असते. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी 1962 मध्ये घेतलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी हा फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या दाखल्याने समजावून सांगितला आहे. दोन माणसे गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट होतो, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलेले असेल, तो कितीला फुटणार हे त्याला माहीत असेल आणि भिंतीवरचे घड्याळही दिसत असेल, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात. आपल्याकडच्या जुन्या टॉकीजमध्ये खालच्या वर्गातून नायिकेला उद्देशून “अगं, मागं बघ की!” अशी आरोळी यायची, ती याच अवस्थेतून. ओरडणाऱ्याला जे दिसते आहे ते तिला दिसत नाही, आणि त्याचा आवाज पडद्यापलीकडे पोहोचत नाही.

याच हिचकॉक यांनी ‘सॅबोटाज’ (1936) या चित्रपटात एका मुलाच्या हाती, त्याच्या नकळत, बॉम्बचे पुडके दिले. मुलगा लंडनच्या रस्त्यांवर रेंगाळतो, बसमध्ये बसतो, वेळ जवळ येत जाते आणि शेवटी बॉम्ब खरोखरच फुटतो. प्रेक्षक संतापले आणि पुढे हिचकॉक यांनीही ती चूक होती असे म्हटले. इतका वेळ जीव मुठीत धरायला लावल्यावर प्रेक्षकाला सुटकेचा निःश्वास देणे हे देणे लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आम्हांला मात्र तो प्रसंग आजही त्यांच्या अधिक प्रामाणिक प्रसंगांपैकी एक वाटतो. बॉम्ब दर वेळी ऐन क्षणी निकामी होणारच असेल, तर त्याची भीती वाटणे हळूहळू थांबते.

हिचकॉक यांचाच ‘व्हर्टिगो’ (1958) हे या फरकाचे दुसरे टोक. त्यातले कोडे शेवटपर्यंत राखून ठेवता आले असते. तरीही चित्रपट बराच बाकी असताना नायिकेच्या पत्राच्या निमित्ताने सगळा उलगडा प्रेक्षकापुढे मांडला जातो. त्यानंतर ‘काय झाले होते’ हा प्रश्न संपतो आणि ‘नायकाला हे कळेल तेव्हा काय होईल’ हा प्रश्न सुरू होतो. रहस्य खर्ची घालून उत्कंठा विकत घेण्याचा इतका उघड व्यवहार क्वचितच पाहायला मिळतो.

एखादा प्रसंग कसा रचलेला असतो, हे एका उदाहरणावरून सांगता येईल का?

हिचकॉक यांच्या ‘नोटोरियस’ (1946) मधला मेजवानीचा प्रसंग यासाठी उत्तम आहे. नायिका अलिशिया अमेरिकी गुप्तहेर खात्यासाठी काम करते आणि त्या कामापायी तिने शत्रुगटातल्या सेबास्टियनशी लग्न केले आहे. घरातल्या मद्याच्या तळघराची किल्ली नेहमी त्याच्यापाशी असते. मेजवानीच्या आधी ती त्याच्या जुडग्यातून किल्ली काढून घेते, तेवढ्यात तो खोलीत येतो आणि प्रेमाने तिच्या दोन्ही मुठी हातात धरतो. एक मूठ उघडून तो तळव्याचे चुंबन घेतो. किल्ली दुसऱ्या मुठीत आहे. तो ती उघडणार, एवढ्यात ती त्याच्या गळ्यात पडते, त्याच्या पाठीमागे किल्ली गालिच्यावर सोडते आणि पायाने बाजूला सारते.

पुढचा शॉट प्रसिद्ध आहे. दिवाणखान्याच्या उंचीवरून सगळी मेजवानी दिसते, कॅमेरा पाहुण्यांवरून खाली खाली उतरत अलिशियाच्या हातापर्यंत येतो आणि त्या हातातल्या किल्लीवर थांबतो. एवढ्या झगमगाटात महत्त्वाची गोष्ट बोटभर आकाराची आहे, हे एका वाक्याचा संवाद न वापरता सांगून झाले.

आता घड्याळ हवे. इथे भिंतीवरच्या घड्याळाचे काम शॅम्पेनच्या बाटल्या करतात. बाटल्या संपल्या की सेबास्टियनला तळघरात जावे लागणार आणि किल्ली नाही हे त्याच्या लक्षात येणार. त्यामुळे नोकराने पाहुण्याचा पेला भरला की आपल्या पोटात गोळा येतो. पेला भरणे ही मेजवानीतली सर्वांत साधी क्रिया, आणि तीच धोक्याची झाली. खाली तळघरात नायक शोध घेत असतो, वर बाटल्या कमी होत असतात, आणि दोन्हीकडे आलटून पालटून कट केले जातात. या प्रसंगात पिस्तूल नाही, मारामारी नाही, कोणी धावतही नाही. बंद तळघर, चोरलेली किल्ली, संशयी नवरा आणि सरत जाणारा वेळ हे चारही घटक तेव्हासुद्धा जुनेच होते. नवीन होती ती त्यांची गाठ मारण्याची पद्धत.

पुष्कळदा आपण गुन्हेगाराच्याच बाजूने काळजी करू लागतो. असे का होते?

कारण उत्कंठा नीतिमत्तेची फारशी पर्वा करत नाही. जो काही करण्याचा प्रयत्न करतो आहे आणि ज्याच्या वाटेत अडचण आहे, त्याच्याशी आपले मन आपसूक जोडले जाते. हिचकॉक यांच्या ‘सायको’ (1960) मध्ये नायिकेचा खून झाल्यावर तरुण मोटेलचालक तिचे प्रेत तिच्याच गाडीत घालून गाडी दलदलीत ढकलतो. गाडी हळूहळू बुडू लागते आणि अर्ध्यावर अडकते. तो काठावर उभा आहे, तोंडात काहीतरी चघळतो आहे, मान वळवून इकडेतिकडे पाहतो आहे. त्या दोन-चार सेकंदांत सगळे सभागृह गाडी बुडावी अशी वाट पाहते, आणि ती पुन्हा बुडू लागली की सुटल्यासारखे वाटते. ज्या स्त्रीबरोबर आपण जवळजवळ अर्धा चित्रपट प्रवास केला, तिच्या खुनाचा पुरावा नाहीसा झाला म्हणून हायसे वाटणारे आपणच असतो.

‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ (1951) मध्ये हीच युक्ती अधिक खोडकरपणे केलेली आहे. नायकाला खुनात अडकवण्यासाठी खलनायक त्याचा लायटर घटनास्थळी नेत असतो आणि तो गटाराच्या जाळीतून खाली पडतो. तिकडे नायक टेनिसचा सामना लवकर संपवण्यासाठी धडपडतो आहे, इकडे खलनायकाची बोटे लायटरपर्यंत पोहोचता पोहोचत नाहीत. दोघेही घाईत आहेत, दोघांनाही यश यावे असे वाटते, आणि हे एकाच वेळी शक्य नाही हे प्रेक्षकाला पक्के माहीत असते.

ज्या कागदपत्रांसाठी सगळा आटापिटा चालतो, त्यांत काय आहे हे कित्येकदा सांगतच नाहीत. ही पटकथेतली उणीव नव्हे काय?

नाही. हिचकॉक अशा वस्तूला ‘मॅकगफिन’ म्हणत. पात्रांना ती हवी असणे पुरेसे असते. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (1959) मध्ये तर नायक थेट विचारतो, तेव्हा सरकारी गुपिते एवढेच त्याला सांगितले जाते, आणि प्रेक्षकांपैकी कोणाचे त्यावाचून अडत नाही.

थरारासाठी रात्र आणि अंधार आवश्यक असतो का?

सवयीने तसे वाटते, आणि ती सवय लागण्याला कारण आहे. जर्मनीतल्या मूकपटांनी तिरप्या सावल्या, उंच जिने आणि प्रकाशाचे तुटक पट्टे यांची भाषा घडवली. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (1931) मध्ये चेंडू खेळणाऱ्या लहान मुलीपुढे एक भित्तिपत्रक आहे, त्यावर बालकांच्या खुन्याला पकडण्यासाठी बक्षीस जाहीर केलेले आहे, आणि त्याच पत्रकावर टोपी घातलेल्या माणसाची सावली पडते. पुढचा खून दाखवलेलाच नाही. आई हाका मारते, ताटापुढची जागा रिकामी राहते, चेंडू गवतात घरंगळत येतो, फुगा तारांत अडकतो.

अंधार हाच संकेत झाला की हुशार दिग्दर्शक उजेडाकडे वळतो. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ मध्ये नायकाला मारण्यासाठी निवडलेली जागा म्हणजे भर दुपारचा, सपाट, ओसाड माळ. लपायला झाड नाही, कोपरा नाही, सावली नाही. एक मोटार येते, जाते. एक माणूस समोर येऊन उभा राहतो आणि बसने निघून जातो. दूरवर पिकांवर फवारणी करणारे विमान घिरट्या घालते आहे. जाता जाता तोच माणूस म्हणतो, की जिथे पीकच नाही तिथे हे विमान फवारणी करते आहे. बराच वेळ संगीत नाही. धोका कोपऱ्यातून येतो हे शिकलेल्या प्रेक्षकाला इथे कोपराच मिळत नाही, म्हणून तो सगळ्या क्षितिजावर नजर फिरवत राहतो.

पार्श्वसंगीत काढून टाकले, तर हे चित्रपट फिके पडतील का?

काही पडतील, काही नाही. ‘सायको’ मधल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला संगीत नको असे हिचकॉक यांचे आधी मत होते. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी तरीही ते लिहिले, आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदलले. त्या चित्रपटाचे संपूर्ण संगीत फक्त तंतुवाद्यांवर आहे. एरवी प्रेमप्रसंगात वाजणारी व्हायोलिने तिथे किंचाळतात.

उलट ‘रिअर विंडो’ (1954) मध्ये ऐकू येते ते बहुतांशी समोरच्या घरांतलेच आवाज असतात : कोणाचा पियानो, कोणाचे भांडण, रस्त्यावरची पोरे. पाय मोडून खुर्चीला खिळलेला छायाचित्रकार खिडकीतून पाहत असतो आणि समोरच्या संशयिताच्या घरात त्याची प्रेयसी शिरलेली असताना तो इसम परत येतो. नायकाला दिसते, पण जाता येत नाही. त्या क्षणी नायक आणि प्रेक्षक यांची अवस्था अक्षरशः एक होते, म्हणून तिथे वाद्यवृंदाची गरजच उरत नाही.

‘एम’ मधला खुनी एक धून शिट्टीवर वाजवतो. ती ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराची आहे. दोन-तीनदा ऐकल्यावर नुसती शिट्टी आली तरी पुरते, माणूस दिसण्याची आवश्यकता राहत नाही. ‘जॉज’ (1975) मधले दोन स्वर हीच युक्ती पुढे नेतात. त्या चित्रपटासाठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडत असे, त्यामुळे दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना तो न दाखवता भागवावे लागले, आणि पाण्यावर ओढले जाणारे पिवळे पिंप व संगीत यांनीच शार्कची जागा घेतली. यंत्र धड चालले असते, तर चित्रपट बहुधा कमी भीतिदायक झाला असता.

हिंदी थरारपटांतली गाणी उत्कंठेत अडथळा आणतात, हे खरे आहे का?

हा आक्षेप सरसकट घेतला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. नायक-नायिका बागेत बागडण्यासाठी कथा थांबते, तेव्हा अडथळा होतोच. परंतु ‘महल’ (1949), ‘बीस साल बाद’ (1962) आणि ‘वह कौन थी’ (1964) या चित्रपटांनी गाण्यालाच संकेताचे रूप दिले. ओसाड वाडा, रात्र, पांढरे वस्त्र आणि दुरून येणारा स्त्रीचा आवाज. तो आवाज आला की नायक त्यामागे जाणार हे ठरलेले असते. कमाल अमरोही यांच्या ‘महल’ मध्ये खेमचंद प्रकाश यांनी बांधलेले आणि लता मंगेशकर यांनी गायलेले ‘आएगा आनेवाला’ हे गाणे म्हणजे शब्दशः आगमनाची सूचना आहे. येणारा कोण आणि केव्हा, एवढेच बाकी ठेवलेले. गाणे संपेपर्यंत नायक पायऱ्या चढत राहतो, खोल्या उघडत राहतो. लांबवण्याचे यापेक्षा सुरेल साधन कोणत्याही पाश्चात्त्य दिग्दर्शकापाशी नव्हते.

गाण्यांशिवायही प्रयोग झाले. बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’ (1960) आणि यश चोप्रा यांचा ‘इत्तेफाक’ (1969) या दोन्हींत एकही गाणे नाही. ‘इत्तेफाक’ बराचसा एका रात्री, एका घरात घडतो, त्यामुळे त्याचा आवळपणा नाटकासारखा आहे.

मराठीत या प्रकारचे काही आहे का?

आहे, पण मोजके. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) प्रथम पाहावा. मरण पावलेल्या पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी स्त्री आरोपी म्हणून नायकापुढे येते आणि मी तीच आहे असा दावा करते, या एका पेचावर तो उभा आहे. त्याचीच हिंदी आवृत्ती ‘मेरा साया’ (1966) देशभर गाजली. ‘पाठलाग’ चे वैशिष्ट्य असे, की भुताटकीचे आणि न्यायालयाचे असे दोन निराळे संकेत तो एकत्र बांधतो : पहिला संकेत भावनेला कौल मागतो, दुसरा पुराव्याला, आणि नायक दोहोंच्या मध्ये उभा राहतो.

चित्रपटांचे माहेरघर म्हणवणाऱ्या कोल्हापूरचा यात काही वाटा आहे का?

थेट वाटा थोडाच. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून येथे प्रामुख्याने पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक आणि पुढे तमाशाप्रधान चित्रपट झाले. थरारपटाची परंपरा येथे रुजली असे म्हणणे अभिमानापोटी केलेली अतिशयोक्ती ठरेल. तरीही छायाप्रकाशाच्या बाबतीत एक धागा दाखवता येतो. 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्याला गेली, आणि त्याच सुमारास व्ही. शांताराम जर्मनीला जाऊन आले. त्यानंतरच्या ‘अमृतमंथन’ (1934) मध्ये राजगुरूच्या भूमिकेतील चंद्रमोहन यांच्या डोळ्याचा पडदाभर क्लोजअप आहे. तो थरारपट नव्हे, पण धोका एका डोळ्यात साठवून दाखवण्याची ती रीत थरारपटाचीच आहे.

इंटरव्हलमुळे उत्कंठा तुटते का?

परदेशी चित्रपटात ती तुटते, कारण तो मध्यंतर गृहीत धरून लिहिलेला नसतो. आपल्याकडच्या पटकथाकारांनी मध्यंतरालाच संकेत बनवले : दिवे लागण्याच्या क्षणी कोणीतरी दाराशी आलेले असते. आमच्या खेळांत आम्ही परदेशी चित्रपट सलग दाखवतो. अपवाद ‘सायको’ चा. तिथे गाडी बुडून पडदा काळा होतो तो क्षण साधारण मध्यावरच येतो आणि चहासाठी तेथे थांबले तरी काही बिघडत नाही. हिचकॉक यांना हे मुळीच रुचले नसते, कारण त्यांनी चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये असा नियम चित्रपटगृहांना घालून दिला होता.

धक्कादायक शेवट नसेल, तर तो चांगला थरारपट मानावा का?

अवश्य मानावा. अखेरच्या कलाटणीला सध्या अवाजवी महत्त्व आले आहे. आंरी-जॉर्ज क्लुझो यांच्या ‘ले डायबोलिक’ (1955) च्या शेवटी प्रेक्षकांनी गुपित फोडू नये अशी विनंती पडद्यावर येते, आणि त्या चित्रपटाला ती शोभते. पण त्याच क्लुझो यांच्या ‘द वेजेस ऑफ फिअर’ (1953) मध्ये लपवण्यासारखे काहीच नाही. चार माणसे, दोन ट्रक, खाचखळग्यांचा रस्ता आणि हिसका बसताच फुटणारे नायट्रोग्लिसरीन, एवढी माहिती दिल्यावर कथा सांगूनच झाली. तरी तो चित्रपट पाहताना खुर्चीत नीट टेकून बसणे कठीण जाते, आणि दुसऱ्यांदा पाहतानाही तेच होते.

नव्या पिढीला हे चित्रपट संथ वाटतात. त्यावर उपाय काय?

संथ भाग कशासाठी आहे हे पाहावे. ‘द वेजेस ऑफ फिअर’ मध्ये ट्रक निघायलाच सुमारे तासभर लागतो, कारण तोवर ती माणसे त्या गावात कशी कुजली आहेत हे कळल्याखेरीज त्यांनी असा प्रवास का पत्करला हे पटत नाही. त्या तासाला कात्री लावली, तर पुढचे सगळे नुसते साहस होईल.

मोबाईलवर पाहिले तर चालेल का?

चालेल, पण अंधाऱ्या खोलीत, कानाला हेडफोन लावून आणि मध्ये न थांबता. थांबवण्याचे बटण प्रेक्षकाच्या हाती असेल, तर वेळ लांबवण्याचा दिग्दर्शकाचा अधिकारच निघून जातो.

पहिल्यांदाच पाहणाऱ्याने सुरुवात कोठून करावी?

‘रिअर विंडो’ पासून, कारण पाहणे हाच त्याचा विषय आहे. त्यानंतर ‘नोटोरियस’, मग ‘कानून’ आणि ‘पाठलाग’, आणि त्यानंतर ‘सायको’ घ्यावा; आधीच्या चित्रपटांनी नायिका शेवटपर्यंत टिकते ही खात्री मनात पक्की केलेली असली, म्हणजे ‘सायको’ ती कशी काढून घेतो हे नीट जाणवते. ‘एम’ शेवटी ठेवावा. तो जर्मन भाषेत आहे, त्यात शांततेचे मोठे तुकडे आहेत, आणि उपशीर्षके वाचत असतानाही कान शिट्टीकडे ठेवावे लागतात.